तक्रार अर्ज खिडकीतून आत गेल्यावर त्याचं काय होतं, आणि तो वाटेत मरू नये म्हणून काय करावं

पुण्यातल्या एका सार्वजनिक सेवेच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. कुठल्या, ते सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते. शेवटची नऊ वर्षं बारनिशीत आणि तक्रार कक्षात गेली. बारनिशी म्हणजे बाहेरून आलेला प्रत्येक कागद जिथे आधी नोंदला जातो ती जागा. एक खिडकी, एक जाडजूड आवक नोंदवही, तारखेचा रबरी शिक्का आणि मे महिन्यात दर दोन दिवसांनी वाळणारं स्टॅम्प पॅड. खिडकीतून आत आलेला चेहरा आधी रागावलेला असायचा. नंतर गोंधळायचा. कारण मी विचारायची, “दुसरी प्रत आणलीय का?” आणि ती कोणीच आणलेली नसायची.

निवृत्त झाल्यापासून सोसायटीतली मंडळी, नातेवाईक, भाजीवाल्या मावशीसुद्धा अर्ज लिहून घ्यायला येतात. सगळ्यांच्या चुका त्याच त्या. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या लेखी तक्रार म्हणजे नळाला पाणी येणं, दिवा लागणं, बिल दुरुस्त होणं. आतल्या माणसाच्या लेखी तक्रार म्हणजे निकाली काढायचा एक कागद. ह्यात दुष्टपणा नाही. दर महिन्याच्या आढावा बैठकीत साहेबांना विचारलं जातं, “प्रलंबित किती?” दिवे किती लागले, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे कागद निकाली काढायचे जेवढे सोपे रस्ते असतील तेवढे वापरले जातात: ‘संबंधितांना कळविले आहे’, ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’, ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’, आणि सगळ्यांत लाडका शेरा, ‘दप्तरी दाखल’, म्हणजे कागद फाइलला लावला आणि विषय संपला. हे सगळे मी स्वतःच्या हाताने लिहिलेत. तुम्हाला अर्ज असा लिहायचाय की कोणीतरी जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ह्यातला एकही शेरा मारता येऊ नये.

टपाल कसं फिरतं

सकाळपासून खिडकीवर आलेले, पोस्टाने आलेले, वरच्या कार्यालयातून शेरा मारून आलेले असे सगळे कागद बारनिशीत जमा होतात. प्रत्येकावर आवक क्रमांक आणि तारीख पडते. नोंदवहीत कोणाकडून आला, विषय काय, कोणाला दिला, हे लिहिलं जातं. दुपारी ते सगळं टपाल साहेबांपुढे जातं आणि साहेब ते मार्क करतात, म्हणजे कोणत्या टेबलाकडे जायचं ते कोपऱ्यात लिहून आद्याक्षरं मारतात. साठ-सत्तर कागद, मधे दोन फोन, एक चहा. एका अर्जाच्या वाट्याला दहा सेकंद आले तरी पुष्कळ.

त्या दहा सेकंदांत साहेब फक्त ‘विषय’ वाचतात. तुमच्या दोन पानांचं भवितव्य त्या एका ओळीवर ठरतं. ‘विषय : अन्याय होत असल्याबाबत’ असा एक अर्ज आमच्याकडे आला होता. साहेबांना वाटलं, कोणा कर्मचाऱ्याचं गाऱ्हाणं असेल. तो गेला आस्थापनेच्या टेबलावर. होता तो वाढीव बिलाबद्दल. तिथल्या लिपिकाने वाचला, हा आपला नाही म्हणून बाजूला ठेवला, आणि त्यावर तीन आठवडे इतर कागद साचले. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद आपणहून परत येत नाही, तिथेच जुना होतो.

म्हणून विषयाच्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय बिघडलंय, नेमकं कुठे, आणि काय करून हवंय. ‘विषय : अमुक गल्लीतील दूध डेअरीसमोरचा रस्त्यावरचा दिवा (खांब क्र. अमुक) सुरू करण्याबाबत.’ ह्यात ‘गंभीर’, ‘तातडीच्या’, ‘वारंवार सांगूनही’ वगैरे काही नको. तातडी कळायला तारीख पुरते.

मजकूर एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि एका अर्जात एकच तक्रार. लोकांना वाटतं, आलोच आहोत तर पाणी, कचरा, कुत्री, शेजारच्याचं अनधिकृत पत्र्याचं शेड, सगळं एकदम सांगून टाकू. चार विषयांचा अर्ज चारही टेबलांचा नसतो. त्यातली सगळ्यांत सोपी गोष्ट कोणीतरी करतो आणि अख्खा अर्ज निकाली निघतो. चार तक्रारी असतील तर चार कागद द्या. खिडकीवरची बाई कुरकुर करेल. मीही करायची.

एका गृहस्थांनी पाणीगळतीची तक्रार आर्या वृत्तात लिहून आणली होती. सदाशिव पेठेतलेच असणार, आणखी कुठले! यमकं चोख, मात्रा बरोबर, शेवटी आमच्या खात्याला गंगेची उपमा. कार्यालयभर तो कागद फिरला, कोणी झेरॉक्स काढून काचेखाली ठेवला. पण गळती नक्की कुठल्या बोळात आहे ते त्यांनी लिहिलंच नव्हतं, आणि पत्त्याच्या जागी सहीखाली फक्त ‘आपला एक करदाता’. तो अर्ज निनावी ठरून दप्तरी दाखल झाला. खाली नाव, पत्ता आणि फोन नंबर नसेल तर कागदाचं असंच होतं, मग मजकूर कितीही खरा असो.

काय लिहिलं की माणूस जागेवर जातो

‘आमच्याकडे पाणी कमी दाबाने येते’ ह्या वाक्यावर कोणीही काहीही करू शकत नाही. त्याऐवजी हे बघा: ‘सोमवारपासून सकाळी ६.१० ला पाणी येते आणि ६.३५ ला जाते. त्याआधी ६ ते ८ येत असे. तळमजल्यावर दोन बादल्या भरतात, पहिल्या मजल्यावर थेंबही चढत नाही. गल्लीतल्या समोरच्या बाजूच्या घरांना पूर्वीसारखेच पाणी आहे.’ हे वाचल्यावर कनिष्ठ अभियंत्याच्या डोक्यात तीन प्रश्न उभे राहतात आणि तो पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला फोन लावतो. त्या शेवटच्या वाक्याने तर अर्धं निदान करून ठेवलेलं असतं.

दिव्याची तक्रार असेल तर खांबावर रंगवलेला क्रमांक घ्या. बसची असेल तर गाडीचा नंबर, मार्ग क्रमांक, थांबा आणि वेळ. तिकीट जपून ठेवा, कारण त्यावर तारीख-वेळ छापलेली असते. ‘ड्रायव्हर उद्धट होता’ यावरून कोणी सापडत नाही. ‘७.४० ला अमुक थांब्यावर हात दाखवूनही गाडी न थांबवता गेली, थांब्यावर सहा जण होते’ यावरून त्या फेरीला ड्युटी कोणाची होती ते काढता येतं. बिलाची असेल तर ग्राहक क्रमांक विषयाच्या ओळीतच घाला, आणि मीटरचा आजचा आकडा दिसेल असा फोटो जोडा.

फोटोत फक्त खड्डा नको. खड्डा कुठल्याही गावचा असू शकतो. मागे दुकानाची पाटी, सोसायटीचं नाव, चौकातला फलक असं काहीतरी यायला हवं.

आणि शेवटची ओळ. लोक लिहितात, ‘तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी.’ योग्य ती म्हणजे कोणती, हे तुम्ही आमच्यावर सोडलंत! त्याजागी असं लिहा: ‘जागेची पाहणी कोणत्या तारखेला झाली, काय आढळले आणि काम कधी होणार, हे मला लेखी कळवावे.’ पाहणीची तारीख मागितली की खोटं उत्तर लिहिताना हात अडखळतो. लिपिक झाला तरी तो माणूसच असतो, आणि खोटी तारीख लिहिणं हे गुळगुळीत वाक्य लिहिण्यापेक्षा बरंच अवघड असतं.

पोच

अर्ज दोन प्रतींत. एक त्यांची, दुसऱ्यावर पोच. पोच म्हणजे नुसता गोल शिक्का नव्हे. आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची आद्याक्षरं हवीत. क्रमांक नंतर टाकते, उद्या या, असं म्हटलं तर हसतमुखाने म्हणा, “थांबतो मी, काही घाई नाही.” मी कितीतरी लोकांना ‘उद्या या’ म्हटलंय, आणि थांबलेल्या प्रत्येकाला पाच मिनिटांत क्रमांक दिलाय. सकाळी अकरा ते साडेबारा ही वेळ चांगली. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर जाऊ नका.

अर्ज पोस्टाने पाठवायचा असेल तर पूर्वी रजिस्टर एडी करायचो. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा, आणि पावतीबरोबर पोचल्याची नोंद छापून फाइलला लावा.

अर्जाच्या तळाशी मुख्यमंत्री, पालकमंत्री, आयुक्त, जिल्हाधिकारी, आमदार, तीन वर्तमानपत्रं अशी ‘प्रत माहितीसाठी’ची रांग लावायची हौस पुणेकरांना फार. ‘माहितीसाठी’ आलेली प्रत खरंच माहितीसाठीच ठेवली जाते. उलट साहेबांना वाटतं, वर गेलंच आहे, वरून काय येतं बघू. पहिला अर्ज एकाच अधिकाऱ्याला द्या, काम ज्याच्या हातात आहे त्याला. पुणे महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. तुमचा रस्ता कुठल्या कार्यालयात येतो ते आधी बघा. नाहीतर मुख्य इमारतीत दिलेला कागद फिरत फिरत तिथेच येणार, फक्त आठवडाभर उशिरा.

उत्तर आलं नाही की लोक नवा अर्ज करतात, आणि तोही आधीच्यापेक्षा जास्त चिडून. ही चूक मला फार जाचते. नवा अर्ज म्हणजे नवा क्रमांक, नवी तारीख, घड्याळ पुन्हा शून्यावर. शिवाय जुना कागद प्रलंबितांच्या यादीत एकटा पडतो आणि ‘याच विषयावर नवीन अर्ज प्राप्त’ म्हणून बंद करता येतो. तुम्ही स्मरणपत्र द्या. वर ‘स्मरणपत्र १’, संदर्भात जुना आवक क्रमांक आणि तारीख, खाली चार ओळी. कार्यालय राज्य शासनाचं असेल तर त्यात एक वाक्य घाला, की २००५ च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्याप्रमाणे कोणतीही फाइल साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. त्या वाक्याने आभाळ कोसळत नाही. पण हा माणूस वाचून आलाय, एवढं आत कळतं.

ऑनलाइन तक्रार, आणि आमच्या गल्लीतलं झाकण

अॅपवरची तक्रार झटपट होते, टोकन नंबर मिळतो, फोटो जोडता येतो. ती जरूर करा. पण ती जितक्या झटपट होते तितक्याच झटपट बंदही होते. कागद निकाली काढायला टिपणी लिहावी लागते, सही लागते. इथे एक बटण. महिनाअखेरीला लाल आकडे खाली आणायचे असले की त्या बटणाला विश्रांती नसते.

हे मला आतून माहीत होतं. बाहेरून कळलं गेल्या वर्षी जूनमध्ये.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात एक लोखंडी झाकण आहे. पावसाच्या पहिल्या सरीनंतर त्याच्या कडेचं सिमेंट उखडलं आणि ते हलायला लागलं. पहाटे पाचला दुधाच्या गाड्यांपासून सुरुवात: खडक-खडक, खडक-खडक. आवाजाचं एक वेळ ठीक; पण एका कडेला पाय पडला की दुसरी कड वर यायची. शेजारच्या काकूंची चप्पल त्यात अडकली, त्या थोडक्यात वाचल्या. ९ जूनला मी ऑनलाइन तक्रार केली. ११ तारखेला मेसेज: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ मेसेज वाचत असतानाच खिडकीतून आवाज आला, खडक-खडक.

अशा वेळी करायचं काय, तर आधी पुरावा. त्या दिवशीचं वर्तमानपत्र झाकणाशेजारी ठेवलं, तारीख दिसेल असं, आणि फोटो काढला. दूध डेअरीवाला म्हणाला, “काकू, पेपरात देणार का?” मी म्हटलं, “नाही रे, पेपरच ह्याच्यात दिलाय.” मग १२ तारखेला कागदी अर्ज लिहिला. तो इथे देते, कारण नमुना म्हणून उपयोगी पडेल:

‘विषय : अमुक रस्त्यावर दूध डेअरीसमोरील हलणारे लोखंडी झाकण पक्के बसविण्याबाबत.

संदर्भ : ऑनलाइन तक्रार क्र. अमुक, दि. ९ जून (दि. ११ जून रोजी निराकरण झाले म्हणून बंद).

महोदय, वरील तक्रार बंद केल्याचा संदेश मिळाला. झाकण आजही हलत आहे. दि. ११ जूनचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र जोडले आहे. झाकणाचा व्यास अंदाजे दोन फूट असून पश्चिमेकडील कडेचे सिमेंट सुमारे एक वीत निघाले आहे. दि. १० जून रोजी एका ज्येष्ठ महिलेचा पाय त्यात अडकला. पाहणी कोणत्या तारखेला व कोणी केली, आणि तक्रार कोणत्या अहवालावरून बंद केली, हे कळवावे. झाकण आपल्या कार्यालयाचे नसल्यास ते कोणाचे आहे, हे कळवावे.’

शेवटचं वाक्य मी अनुभवाने घातलं होतं. रस्त्यातलं झाकण सांडपाण्याचं असतं, पावसाळी गटाराचं असतं, पाण्याच्या व्हॉल्व्हचं असतं, टेलिफोनच्या तारांचं असतं, विजेच्या केबलचंही असतं. प्रत्येकाचा मालक वेगळा. बऱ्याच झाकणांवर अक्षरं ओतलेली असतात, म्हणून मी बादली आणि काथ्याचा ब्रश घेऊन गल्लीत बसले. घासून घासून एक वर्तुळ, एक बाणासारखं काहीतरी आणि एक अर्धवट ‘म’ एवढं दिसलं. ‘म’ पुण्यात कोणाचाही असू शकतो.

२७ जूनला उत्तर आलं: ‘सदर झाकण या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ कोणाच्या येतं, त्यावर मौन.

इथे माहिती अधिकार कामाला येतो. साध्या तक्रारीत ‘आमचं नाही’ म्हणून कागद परत करता येतो. पण २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात तसं चालत नाही: माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज ५ दिवसांच्या आत तिकडे हस्तांतरित करून तुम्हाला कळवायचं काम त्यांचं. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तराला ३० दिवस. तेवढ्यात नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यावरही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ पुण्यातच आहे.

लोक इथेही गडबड करतात. ते विचारतात, “काम का केले नाही?” ‘का’ ही माहिती नव्हे, तो वाद झाला. माहिती म्हणजे कागदावर आधीच असलेली गोष्ट. म्हणून मागायचं असं: ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, तो ज्या ज्या टेबलांवर गेला त्या नोंदी, पाहणी अहवालाची प्रत, सदर झाकणाच्या मालकीबाबत कार्यालयात असलेल्या नोंदीची प्रत.’ मी ३० जूनला एवढंच मागितलं. अर्ज दोन ठिकाणी हस्तांतरित झाल्याची पत्रं आली. म्हणजे आता एका झाकणाची तीन कार्यालयांत नोंद होती.

पुढची पायरी फार कमी लोकांना माहीत आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातले कागद, पाहता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. मी २८ जुलैच्या सोमवारी पाण्याची बाटली आणि वाचायचा चष्मा घेऊन पहिल्या कार्यालयात जाऊन बसले. नस्ती, म्हणजे फाइल, आली. आत माझा अर्ज, कोपऱ्यात साहेबांचं ‘पाहून कार्यवाही’, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘झाकण नक्की कोणाचे, खात्री करावी’, आणि त्यानंतर कोरा कागद. पाहणी अहवाल नव्हताच. खात्री करायची राहिली होती, आणि त्याआधीच ‘आमचं नाही’ असं उत्तर गेलं होतं.

भांडले नाही. ज्या तरुण लिपिकाने नस्ती काढून दिली त्याचा काय दोष? मी फक्त विचारलं, “बाळा, अर्जदाराने आज नस्ती पाहिली, असा शेरा टाकतोस का?” त्याने वर पाहिलं. मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला होता?” शेरा मात्र टाकला, तारखेसकट. जिच्यात असा शेरा पडलाय ती नस्ती पुन्हा कपाटात सरकवून देणं सोपं राहत नाही, कारण ती उघडणाऱ्या पुढच्या प्रत्येकाला दिसतं की बाहेरच्या कोणीतरी हे कोरं पान पाहिलंय.

बाकीचे दरवाजे, थोडक्यात

दाखला, नोंदणी, जोडणी, परवाना असं काही अडलं असेल तर ती तक्रार नव्हे, तो तुमचा हक्क आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आणि एक पदनिर्देशित अधिकारी ठरवून दिलेला असतो. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला की ३० दिवसांत पहिलं अपील, नंतर दुसरं, आणि त्यावर सेवा हक्क आयोग. कारण नसताना सेवा अडवणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटेल. पण दंड व्यक्तीला होतो, खात्याला नाही, आणि तेच कार्यालयात टोचतं. मात्र अर्ज केल्याच्या दिवशीची पोच नसेल तर मुदत मोजणार कुठून?

लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेतही; त्या दिवशी सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक हवी. सोसायटीच्या चाळीस सह्यांचं निवेदन तिथे चालत नाही, ह्यावरून आमच्या सेक्रेटरींचा मोठा विरस झाला होता. कोर्टात असलेली प्रकरणं, नोकरीच्या तक्रारी, आणि आधीच अंतिम उत्तर मिळालेली तीच तक्रार हेही घेत नाहीत. पण ज्याचं काम दोन खात्यांच्या मधे लोंबकळतंय त्याने इथे जावंच, कारण दोन्ही खात्यांची माणसं एका टेबलाशी बसलेली असतात आणि एकमेकांकडे बोट दाखवायला अंतर कमी पडतं.

विजेचं बिल किंवा पुरवठा याबद्दल आधी महावितरणकडे तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. ‘चर्चा चालू आहे’ म्हणत ती मुदत घालवलेले दोन जण मला माहीत आहेत. लोकायुक्तांचा कायदा महाराष्ट्रात १९७१ पासून आहे, पण त्या दाराशी जाण्याआधी वरचे सगळे कागद तारीखवार लावून तयार ठेवा.

शेवटी झाकणाचं

८ ऑगस्टला, शुक्रवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास एक टेम्पो आला. दोन माणसं उतरली. झाकण काढलं, कड फोडली, नवीन सिमेंट भरलं, झाकण पुन्हा बसवलं आणि भोवती चार विटा व एक फांदी ठेवून दिली. मी चहा घेऊन खाली गेले आणि विचारलं, “कुठल्या ऑफिसकडून आलात?”

“आम्ही ठेकेदाराची माणसं, मावशी. लोकेशन पाठवलं, आलो.”

“कोणी पाठवलं?”

त्याने चहा संपवला. “ते नाय माहीत.”

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टपालाने एक पत्र आलं, तीन कार्यालयांपैकी एकाचं. ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने स्थळपाहणी केली असता सदर झाकण सुस्थितीत आढळून आले. सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ पाहणीची तारीख मात्र लिहिली होती, १९ ऑगस्ट. मी पत्राच्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख टाकली, आवक क्रमांक १४ दिला आणि फाइलला लावलं.